फ्रीजचं वय विचारणारी घरमालकीण

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी सांगितलंत, की तुमचं कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं आणि बाबांनी लगेच नवं आणलं. जुन्याला काय झालं होतं, असं मी विचारलं, तर तुम्हाला सांगता आलं नाही. "आजी, इट जस्ट स्टॉप्ड," एवढंच. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ एकटीच हसत होते. हे उत्तर तुम्ही आत्यांना दिलं असतं, तर काय झालं ते धड सांगता येईपर्यंत त्यांनी तुम्हाला त्या मशीनशेजारी पाटावर बसवून ठेवलं असतं.

म्हणून आज आत्यांविषयी लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. माझी शाळा देवळाली कॅम्पातली, सिस्टरांची. इंग्रजी मला जड नाही. पण दोन पानं लिहून पाहिली आणि त्यातली बाई फारच सभ्य निघाली. आत्या तशा नव्हत्या. तेव्हा मराठीतच वाचा. अडलं तर आईला विचारा.

आत्या म्हणजे आपल्या नात्यातल्या कोणी नव्हेत. आपली इमारत पाडून नवी बांधायला घेतली, तेव्हा मी आणि आजोबा काही वर्षं गंगापूर रोडला भाड्याने राहिलो. त्या घराच्या या मालकीण. त्यांच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात. सून म्हणायची म्हणून भाडेकरूही म्हणू लागले, मग दूधवाला, मग वॉचमन. बँकेतला शिपाईसुद्धा "आत्या, सही इथे," असं म्हणे.

घर बघायला गेलो त्या दिवशी आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि निवृत्तीचे कागद फाइलमध्ये लावून नेले होते. आत्यांनी फाइलला हात लावला नाही.

"फ्रीज केव्हाचा हाय?" त्यांनी विचारलं.

आजोबांना वाटलं, नव्या सामानाच्या भाडेकरूला पसंती असणार. ते म्हणाले, "तसा जुना आहे, पण आम्ही लवकरच नवा—"

"तुम्ही थांबा, साहेब. म्याडम, तुम्ही सांगा."

मी खरं ते सांगितलं. "मुलाच्या दहावीच्या वर्षी घेतलेला आहे. दाराचं रबर एकदा बदललं. बाकी चालू आहे."

"मंग किल्ली घ्या," आत्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. जाता जाता त्यांनी कारणही सांगून टाकलं. "फ्रीज बदलनारा मानूस घर बी बदलतो. मी काय दर वर्षी भाडेकरू हुडकीत बसू?"

आमच्या आधी एक तरुण जोडपं येऊन गेलं होतं, दोघांना चांगल्या नोकऱ्या. पण त्यांचं सगळं सामान त्याच वर्षीचं निघालं म्हणून त्यांना घर मिळालं नाही, हे आम्हाला नंतर कळलं.

आत्या उंचीने बेताच्या आणि आवाजाने उंच. पातळ चापूनचोपून नेसलेलं, आणि कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यात एक टेस्टर, म्हणजे वीज आहे की नाही ते दाखवणारा बारीक स्क्रूड्रायव्हर. कोणाच्याही घरी गेल्या, की बसण्याआधी जवळच्या सॉकेटमध्ये तो टेस्टर घालून बघायच्या. आतला दिवा लागला की "करंट हाय" असं म्हणायच्या, घरची सगळी माणसं बरी आहेत असं ऐकल्यासारख्या, आणि मग चहाला हो म्हणायच्या. एकदा एका भाडेकरूकडे सत्यनारायण होता. गुरुजींनी संकल्प सोडायला घेतला आणि आत्या चौरंगामागच्या सॉकेटकडे सरकल्या. गुरुजी त्यांना ओळखत होते. ते थांबले.

त्यांच्या घराण्याची फुलशेती. गंगापूर रोडला इमारती येण्याआधी तिथे त्यांचे झेंडूचे आणि शेवंतीचे मळे होते. दीर-भाऊबंदांनी जमिनी विकल्या. आत्यांच्या यजमानांनी निम्मी दिली आणि मोबदल्यात ही इमारत आली. यजमान वारल्यावर उरलेली निम्मी मागायला बिल्डर पुन्हा आला. आत्यांनी त्याला चहा दिला, मळ्यात नेलं, एक झेंडू तोडून हातात ठेवला आणि म्हणाल्या, "हे न्या. बाकीचं राहू द्या." दोन उंच इमारतींच्या मधे तो मळा आम्ही राहत होतो तेव्हाही होता. वरच्या गच्च्यांमधून लोक त्याचे फोटो काढत आणि आत्या खालून ओरडत, "फोटो काय काढू राह्यले? विकत घ्या!"

"बिघडलं" हा शब्द त्यांच्यासमोर चालत नसे. त्यांचा प्रश्न ठरलेला: "काय होतंय आन काय होत नाय, ते सांग." पंखा फिरत नाही, की फिरतो पण वारा लागत नाही? इस्त्री तापत नाही, की तापते आणि उतरत नाही? सिस्टर विज्ञानाच्या तासाला आम्हाला हेच विचारत, फक्त पट्टी घेऊन.

आजोबांचा आणि त्यांचा एकच मोठा सामना झाला, तो टीव्हीवरून. आमच्या टीव्हीच्या पडद्यावर डावीकडे एक उभी हिरवी रेघ उमटली. आजोबांना मोठा नवा टीव्ही हवाच होता, त्यांना रेघ पाहून आनंदच झाला. दुकानदार म्हणाला, पॅनेल बदलण्यापेक्षा नवा घ्या. ते ऐकून आत्या वर आल्या. टेस्टर घालून झाला. मग टीव्हीसमोर मांडी घालून बसल्या. क्रिकेट चालू होतं.

"आवाज येतो?"

"येतो."

"रेघ कुठंय?"

"ही काय, डावीकडे."

"बॉल तिकून जातो का?"

"आत्या, तसं नाही. नजर सारखी तिथेच जाते."

"मंग नजरेला सांगा, साहेब. टीव्हीला कशाला शिक्षा?"

आजोबांनी हात टेकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सोफा थोडा उजवीकडे सरकवला, आणि त्या घरात असेपर्यंत आम्ही त्याच टीव्हीवर सगळे सामने पाहिले.

हे वाचून तुम्हाला वाटेल, आत्यांचं नेहमी बरोबर असे. तसं नव्हतं. एका गीझरवर त्यांचा इतका जीव होता, की तो बदलू न दिल्यामुळे आम्ही अख्खा एक नाशिकचा हिवाळा पातेल्यात पाणी तापवून काढला. तळमजल्यावरच्या त्यांच्या स्वतःच्या फ्रीजचं दार सुतळीने बांधलेलं असे आणि पाहुण्यांना बर्फ हवा असला तर आधी गाठ सोडावी लागे. त्यांच्या हट्टाला तारतम्य नव्हतं. पण त्याला एक नियम मात्र होता, आणि तो दसऱ्याचा होता.

आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात, हे तुम्हाला माहीत आहे. आत्या त्या सकाळी स्वतःच्या मळ्यातल्या झेंडूची पाटी घेऊन मजल्या-मजल्यावर फिरत आणि प्रत्येक घरातल्या यंत्रांना स्वतःच्या हाताने फूल वाहत. मात्र सरसकट नाही. वर्षभर ज्याने काम केलं त्यालाच फूल. बंद असेल ते आधी चालू करून दाखवायचं, मग फूल. आणि एकदा फूल मिळालं, की पुढच्या दसऱ्यापर्यंत त्या वस्तूला घराबाहेर काढायचं नाही. "फूल वाहिलं ना त्याला? मंग भंगारवाल्याला हाक मारताना लाज नाय वाटत?" ज्या दिवशी सगळं शहर जुनं देऊन नवं घ्यायला दुकानांच्या रांगेत उभं राहतं, त्या दिवशी आमच्या इमारतीतून एक मिक्सरसुद्धा बाहेर जात नसे.

आता खरी गोष्ट सांगते. तुम्ही आता मोठे आहात, म्हणून सगळी सांगते.

आत्यांचा मुलगा पुण्याला नोकरी करत होता. तिथे त्याने दुसरं बिऱ्हाड केलं आणि बायकोला, म्हणजे आत्यांच्या सुनेला, आईकडे ठेवून दिलं. सून माहेरी जाईल असं त्याला वाटलं होतं. आत्यांनी तिला जाऊ दिलं नाही. "तू गेलीस तर मी बी येते तुझ्या माहेरी, चालंल का?" असं त्या तिला म्हणाल्या होत्या. प्रकरण घटस्फोटापर्यंत, कोर्टात गेलं. तिथे मुलाच्या वकिलाने सांगितलं, की ही बाई काही करत नाही, सासूच्या जिवावर बसून खाते.

त्या दिवसापासून सुनेने सासूकडून कामाशिवाय एक पैसा घेतला नाही. दोन वर्षं ती मळ्यात मजुरीने फुलं तोडायला गेली आणि त्या मजुरीतून तिने घरघंटी घेतली, घरातली छोटी पिठाची गिरणी. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या खोलीत ती दळणं घेऊ लागली. बाजरी, नागली, थालीपिठाची आणि चकलीची भाजणी. हाताला चव होती, भाजणं नेमकं होतं. दिवाळीच्या आधी गंगापूर रोडच्या सोसायट्यांमधून बायका डबे घेऊन येत. वर्षभराची गिऱ्हाइकं त्या पंधरवड्यात ठरत.

आणि ऐन नवरात्रात घरघंटी थांबली.

काय होतंय आणि काय होत नाही, हे सुनेने न विचारता सांगितलं: दिवा लागतो, मोटर गुणगुणते, पातं फिरत नाही. कंपनीचा माणूस आला. त्याने मागचं झाकण काढून पाहिलं आणि म्हणाला, "आतलं सर्किटचं कार्ड जळालंय. हे कार्ड आता येत नाही. मॉडेल बंद झालं. नवीन घेऊन टाका, ऑफर चालू आहे." गावातल्या मिस्त्रीनेही तेच सांगितलं, कार्ड मिळालं तर बसवून देतो, नाहीतर नाही.

कंपनीच्या फोनवर इंग्रजी बोलायचं म्हणून आत्यांनी मला खाली बोलावलं. मी माझ्या सगळ्या व्याकरणानिशी बोलले. पलीकडची मुलगी फार गोड होती. तिला खेद वाटत होता, मॉडेल बंद झालं होतं, तिला पुन्हा खेद वाटत होता. आत्यांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

"ओ बाई, मॉडेल तुम्ही बंद केलं. आम्ही अजून चालू हाय!"

त्याच संध्याकाळी आत्यांच्या मुलाचा फोन आला. त्याला बातमी कुठून तरी लागली होती. आत्या फोन नेहमी स्पीकरवर ठेवत, त्यामुळे मी आणि सून, दोघींनी ऐकलं.

"आई, त्या डबड्याचं काय घेऊन बसलीस? मी नवं पाठवतो. टॉप मॉडेल."

"कोनाला पाठवतो?"

"तुम्हाला. घरी. तिलाही होईल ना."

"बघते," असं म्हणून आत्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "त्याला जुनं टाकायची सवयच हाय, म्याडम."

सून चाळणी पुसत होती. तिने मान वर केली नाही. "आत्या, त्यांच्या मशीनमधलं पीठ मी विकणार नाही. उद्या कोर्टात सांगतील, मशीन मीच दिलं, मीच पोसतो हिला. ते घरात आलं, तर मी दळण बंद करीन."

"मंग माझ्याकडून घे. भाड्याचं येतंच ना."

"तुमच्याकडूनही नाही. तेही तेच झालं."

आत्यांनी विषय सोडला. त्या हट्टी होत्या, पण दुसऱ्याचा हट्ट त्यांना ओळखू येत असे.

दसऱ्याला सकाळी खाली गेले, तर फाटकात टेम्पो उभा. त्यात घरघंटी, आणि तिच्याभोवती मळ्यातला सगळा झेंडू, पाट्याच्या पाट्या. वर्षातला फुलांचा सगळ्यांत मोठा बाजार त्या दिवशी असतो आणि आत्यांनी फुलं बाजारात पाठवलीच नव्हती.

"म्याडम, चांगली साडी नेसून या," त्या म्हणाल्या. "आन पर्स घ्या. तुम्ही नुसतं बसायचं."

घरघंटी ज्या मोठ्या दुकानातून घेतली होती, त्याच्या दारात टेम्पो थांबला. दुकानाला तोरणं, आत पूजा, बाहेर गिऱ्हाइकांची गर्दी. हमालांनी घरघंटी बरोबर उंबऱ्याच्या बाहेर ठेवली. एका बाजूला आत्या फुलं मांडून बसल्या, दुसऱ्या बाजूला त्यांनी माझ्यासाठी घडीची खुर्ची उघडली. घरघंटीसाठी केलेला जाड हार त्यांनी तिला घातला नाही. मांडीवर घेऊन बसल्या. सून मशीनला हात लावून उभी होती.

येणाऱ्या प्रत्येकाला आत्या फुलं देत आणि विचारत, "नवीन घ्यायला आले? घ्या की. फक्त आत गेल्यावर एक विचारा, हे बंद पडलं तर पार्ट मिळंल का, आन किती वर्षं मिळंल. बास."

लोक हसून आत जात. पण एका गृहस्थाने खरंच विचारलं. विक्रेत्याने दुसऱ्या विक्रेत्याकडे पाहिलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. गृहस्थ बायकोला म्हणाला, "चल, दुसरीकडे बघू." मग आणखी एकाने विचारलं.

मॅनेजर धावत बाहेर आला. "आजी, मुहूर्ताची वेळ आहे. गिऱ्हाईक बिचकतंय."

"आजी नको म्हनू. गिऱ्हाईक म्हन. मी बी गिऱ्हाईकच हाय."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. रेशमी साडी, पर्स, पांढरे केस. तो इंग्रजीत म्हणाला, की मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता, तुम्ही तरी यांना समजावा. सिस्टरांनी मला पुष्कळ इंग्रजी शिकवलं आहे, पण त्या दिवशी तीन-चार शब्दांत भागलं. "आय ॲम विथ हर," मी म्हणाले आणि पर्स मांडीवर नीट ठेवली.

शेवटी पूजा आटोपून शेठ स्वतः आले. कपाळाला ओला गंध. आत रांगेने उभ्या असलेल्या प्रत्येक फ्रीजवर, प्रत्येक टीव्हीवर झेंडूचं फूल होतं. आत्या उठल्या नाहीत.

"शेठ, तुमच्या मशिनांना फुलं चढली. आमच्याला का नाय? तुमच्याच दुकानातलं हाय. बंद हाय म्हनून हार माझ्या मांडीवर अडकलाय. हा हार पडल्याशिवाय माझा दसरा व्हायचा नाय, आन तोवर मी हितून उठायची नाय."

शेठनी आधी घरघंटीकडे पाहिलं, मग हाराकडे. दसऱ्याच्या दिवशी, दुकानाच्या उंबऱ्यावर, पूजा अडून राहिलेलं स्वतःच्याच दुकानातलं यंत्र! कायद्याचं काही असतं तर त्यांनी मॅनेजरकडे बोट दाखवलं असतं. पूजेचं त्याच्यावर ढकलता येत नव्हतं.

"गोदामात बघा रे," ते मॅनेजरला म्हणाले. "या मॉडेलचं परत आलेलं एखादं पडलं असेल."

होतं. त्यातलं कार्ड काढून दुकानातल्या मिस्त्रीने तिथेच उंबऱ्याबाहेर बसवलं. सुनेने पिशवीतून मूठभर गहू काढून टाकले. पातं फिरलं. पीठ पडलं. तिने ते चिमटीत घेऊन चोळून पाहिलं आणि आत्यांकडे बघून मान हलवली. तेव्हा कुठे आत्यांनी हार घातला. मग शेठना आपट्याची पानं दिली, "सोनं घ्या, शेठ," म्हणून वाकून नमस्कार केला, आणि उरलेला सगळा झेंडू त्यांच्याच दुकानाच्या दुसऱ्या मजल्याच्या सजावटीसाठी त्यांनाच विकला.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दळणाची रांग पार्किंग ओलांडून फाटकापर्यंत गेली. मीही भाजणीचा डबा घेऊन रांगेत होते. आत्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसून डबे घेत होत्या. तेवढ्यात एक मोठी गाडी आत आली. मागच्या बाजूला भलंमोठं खोकं. मुलगा उतरला, रांगेकडे न बघता थेट दाराशी गेला आणि आईच्या पाया पडला. आत्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पाया पडणाऱ्याला नाही म्हणता येत नाही.

"आई, मशीन आणलंय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कुठे ठेवू?"

आत्यांनी तोंड उघडलं. मग सुनेकडे पाहिलं आणि मिटलं. त्यांना असं करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

सुनेने घरघंटी बंद केली. सगळं एकदम शांत झालं. तिच्या भुवयांवर पीठ बसलं होतं. ती दारात आली.

"दळण आणलंय का?" तिने विचारलं.

"काय?"

"दळण. डबा आणलाय का तुम्ही?"

"नाही, मी हे—"

"मग रांग सोडा. मागे माणसं उभी आहेत."

त्याने आईकडे पाहिलं. आत्यांनी त्याच्या शेजारून हात लांब करून मागच्या बाईचा डबा घेतला आणि आत दिला. सुनेने बटण दाबलं. तो अजून काहीतरी बोलत होता, हातवारे करत होता, पण घरघंटी चालू असताना दारातल्या माणसाचं आत काही ऐकू जात नाही.